साठ मिलिमीटरच्या दुर्बिणीतून मृगातील तेजोमेघ राखाडी का दिसतो?

गोदाकाठ (इंदिरानगर, नाशिक) :

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी नववीत असून तिला आकाशनिरीक्षणाची मनापासून गोडी आहे, म्हणून दिवाळीत आम्ही तिला भिंगाची एक दुर्बीण घेऊन दिली. पुढच्या भिंगाचा व्यास ६० मिलिमीटर आणि नाभीय अंतर ९०० मिलिमीटर आहे. सोबत २० आणि ४ मिलिमीटरच्या दोन नेत्रिका (डोळा लावायची भिंगे) आणि विशालन तिप्पट करणारे एक बार्लो भिंग मिळाले. खोक्यावर ‘६७५ पट’ असे ठळक अक्षरांत छापलेले असून शेजारी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे, म्हणजे तिथल्या प्रकाशणाऱ्या वायूच्या ढगाचे, लाल-गुलाबी छायाचित्र आहे.

गच्चीवरून चंद्रावरची विवरे सुरेख दिसतात आणि गुरूचे चार चंद्रही ओळीने दिसतात, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. मृगातील बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो तेजोमेघ आहे, तो मात्र फुंकर मारलेल्या काचेसारखा राखाडी डाग दिसतो, रंगाचा मागमूसही नाही. ६७५ पट विशालन लावले की काळोखात काहीतरी थरथरत असल्याचा भास होतो आणि ते क्षणात दृष्टीआड जाते. व्याधासारखा तेजस्वी तारासुद्धा कितीही विशालन केले तरी ठिपकाच राहतो. दुकानात विचारले असता दुर्बिणीत दोष नाही, याहून मोठी घ्या, एवढेच उत्तर मिळाले.

मुलीने मला विचारले की छायाचित्रातले रंग खोटे असतात का. तिला अर्धवट उत्तर द्यायचे नाही, म्हणून येथे विचारते आहे. दुर्बीण सदोष आहे का, ते रंग खरे आहेत का, आणि मोठी दुर्बीण घेतल्याने ते दिसतील का?

भिंगआरसा (निवृत्त प्राध्यापक, भौतिकशास्त्र) :

ताई, दुर्बीण सदोष नाही. गुरूचे चंद्र टिपक्यांसारखे स्वच्छ दिसतात याचा अर्थ भिंग ठीक बसलेले आहे. १६१० साली गॅलिलिओने हेच चंद्र पाहिले तेव्हा त्याच्या दुर्बिणीचे विशालन सुमारे वीस पट होते आणि तिचे भिंग आपल्या मुलीच्या दुर्बिणीच्या भिंगापेक्षा लहान होते. दोष आहे तो खोक्यावरच्या आकड्यात.

विशालन म्हणजे मुख्य भिंगाचे नाभीय अंतर भागिले नेत्रिकेचे नाभीय अंतर. ९०० भागिले २० म्हणजे ४५ पट. ९०० भागिले ४ म्हणजे २२५ पट. त्यावर तिप्पट करणारे बार्लो लावले की ६७५. हा हिशेब बरोबर आहे, परंतु दुर्बिणीची योग्यता त्यावरून ठरत नाही. ती ठरते पुढच्या भिंगाच्या व्यासावरून, कारण व्यासावर दोन गोष्टी अवलंबून असतात : किती प्रकाश गोळा होतो आणि किती बारीक तपशील वेगळा दिसतो. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. ६० मिलिमीटरचे भिंग तिच्या सुमारे ७३ पट प्रकाश गोळा करते. तपशिलाच्या बाबतीत या भिंगाची मर्यादा सुमारे २ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आहे, म्हणजे चंद्रावर साधारण पावणेचार किलोमीटर. या मर्यादेच्या आतले काहीही भिंगाने प्रतिमेत आणलेलेच नसते, त्यामुळे नेत्रिका बदलून ते दिसू लागण्याची शक्यता नाही. प्रतिमा फक्त ताणली जाते. व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट एवढे विशालन ही उपयोगाची वरची हद्द समजतात, म्हणजे आपल्या दुर्बिणीस १२० पट. ४ मिलिमीटरची नेत्रिका आणि बार्लो बाजूला ठेवून १० मिलिमीटरची एक चांगली नेत्रिका घ्यावी. ९० पट विशालनात गुरू आणि शनी दोन्ही उत्तम दिसतील. घेण्यापूर्वी नेत्रिका बसते त्या नळीचा व्यास २४.५ मिलिमीटर आहे की ३१.७, हे मोजून घ्यावे.

तारे ठिपकेच राहतात ते अंतरामुळे. व्याध ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याचे बिंब एका विकलेच्या शंभराव्या भागाहूनही लहान कोन करते. कोणत्याही घरगुती दुर्बिणीत ते बिंब म्हणून दिसणार नाही. जास्त विशालनावर ताऱ्याभोवती जी चकती आणि वर्तुळे दिसतात, ती ताऱ्याची नसून भिंगाच्या कडेशी प्रकाश वाकल्यामुळे तयार होतात.

आता तेजोमेघाकडे येतो, कारण येथे बहुतेकांची समजूत मुळातूनच वेगळी असते. दुर्बीण प्रकाश गोळा करते हे खरे, परंतु तेजोमेघासारख्या पसरट वस्तूची प्रतिमा ती मोठीही करते, आणि गोळा झालेला प्रकाश त्या मोठ्या प्रतिमेवर वाटला जातो; तेच चमचाभर तूप लहान भाकरीऐवजी परातभर भाकरीवर पसरावे तसे. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास म्हणजे भिंगाचा व्यास भागिले विशालन. आपल्याकडे ४५ पटीला तो ६० भागिले ४५, म्हणजे १.३ मिलिमीटर येतो. बाहुली ७ मिलिमीटरची आणि शलाका १.३ मिलिमीटरची, म्हणून नुसत्या डोळ्याच्या तुलनेत तेजोमेघाचा प्रत्येक भाग सुमारे अठ्ठावीस पट मंद दिसतो. ६७५ पटीला तो ४५ पटीच्याही २२५ पट मंद होतो. तुम्हाला दिसलेला काळोख तो हाच. कोणतीही दुर्बीण, मग ती कितीही मोठी असो, पसरट वस्तूच्या पृष्ठभागाला नुसत्या डोळ्यांना दिसतो त्याहून तेजस्वी करू शकत नाही.

रंगाचे कारण आपल्या डोळ्यात आहे. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना पुरेसा प्रकाश लागतो. तो नसेल तेव्हा दंडपेशी काम करतात आणि त्यांना उजेड-अंधार कळतो, रंग कळत नाही. शिवाय डोळा साधारण एक दशांश सेकंदापुरताच प्रकाश साठवतो, छायाचित्राची पट्टी मात्र तासभरही साठवू शकते. हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० रोजी या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा सुमारे ५१ मिनिटे प्रकाश गोळा केला होता. तेव्हा मुलीला असे सांगावे की साध्या रंगीत छायाचित्रातला लाल रंग खरा आहे, तो हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा प्रकाश आहे, आणि तो या क्षणीही तिच्या डोळ्यात शिरतो आहे. फक्त दंडपेशी या तरंगलांबीला जवळजवळ आंधळ्या असतात. काही छायाचित्रांत मात्र निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या प्रकाशाला अभ्यासाच्या सोयीसाठी ठरवून रंग दिलेले असतात. तीही मोजमापेच असतात, परंतु डोळ्याला तसे रंग कधीच दिसणार नाहीत.

तारे बिंदुरूप असल्याने त्यांचा प्रकाश असा पसरत नाही, म्हणून त्यांचे रंग दिसतात. त्याच मृगात काक्षी आणि राजन्य आळीपाळीने पाहावेत आणि प्रतिमा जरा अस्पष्ट करावी. काक्षीचे तापमान सुमारे ३,५०० केल्विन, म्हणून ती तांबूस. राजन्याचे सुमारे १२,०००, म्हणून तो निळसर पांढरा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. अशा संचात कधीकधी नेत्रिकेला लावायची, सूर्यासाठी म्हणून दिलेली एक काळी काच असते. ती असेल तर आजच फोडून टाकावी. भिंगाने एकवटलेल्या सूर्याच्या उष्णतेने ती तडकते आणि डोळा कायमचा जातो. सूर्य पाहायचा तर दुर्बिणीच्या पुढच्या संपूर्ण तोंडावर बसणारी, खास त्यासाठी बनवलेली गाळणीच हवी, आणि वर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीचे झाकणही लावलेले हवे.

सिन्नरकर :

प्राध्यापकांचे विवेचन मला पूर्ण मान्य आहे, फक्त त्याचा व्यवहारातला निष्कर्ष स्पष्ट सांगायला हवा : मोठी दुर्बीण इतक्यात घेऊ नये. इंदिरानगरच्या गच्चीवर तेजोमेघ राखाडी दिसण्याबरोबरच लहानही दिसतो, कारण त्याच्या कडेचा मंद भाग शहराच्या उजळलेल्या आकाशात बुडून जातो. अंबड आणि सातपूरच्या वसाहती, महामार्गाचे दिवे, नव्या संकुलांचे झोत हे सगळे हवेतल्या धुळीवरून पसरून वर एक धूसर पडदा तयार करतात. मोठी दुर्बीण तेजोमेघाबरोबर हा पडदाही तितकाच मोठा करून दाखवते, त्यामुळे दोघांतला फरक तसाच राहतो. काळ्या आकाशाखाली नेलेली साठची दुर्बीण शहरातल्या दीडशेच्या दुर्बिणीपेक्षा या तेजोमेघाच्या बाबतीत अधिक समाधान देते, असे माझे ठाम मत आहे.

कुठे जावे, हे कोणत्या दिशेला पाहायचे यावर ठरते. त्र्यंबकेश्वरच्या पलीकडे हरसूलकडे, किंवा पेठ-सुरगाण्याच्या बाजूला गेलात तर शहराचा उजेड पूर्वेकडे राहतो आणि पश्चिम व दक्षिण आकाश चांगले मिळते. सिन्नरकडे आलात तर औद्योगिक वसाहतीपासून बरेच आत, शेतात जावे लागते. मृगासाठी मात्र दिशेची फार चिंता नको, कारण नाशिकच्या २० अंश अक्षांशावरून तो दक्षिणेला सुमारे ६५ अंश उंच चढतो. डिसेंबरच्या मध्यास मध्यरात्रीच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीस रात्री नऊच्या सुमारास तो या उंचीवर असतो. अमावास्येच्या मागचेपुढचे चार दिवस धरावेत, ओळखीच्या शेतावर जावे आणि सोबत मोठी माणसे असावीत.

याच आकाशात व्याधाच्या खाली, दक्षिणेला अगस्ती शोधावा. नाशिकहून तो क्षितिजाच्या जेमतेम १७ अंश वर येतो, म्हणून दक्षिणेला डोंगर किंवा गावाचा उजेड नसलेली जागा लागते. लंडनहून तो कधीच दिसत नाही, हे मुलीला सांगितले तर अक्षांशाची कल्पना तिला नकाशाशिवाय समजेल. ध्रुव इथून उत्तरेला २० अंशांवर दिसतो, त्याचेही कारण तेच आहे.

जागेवर पोहोचल्यावर निदान अर्धा तास मोबाईल बंद ठेवावा. दंडपेशींना पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती सगळी तयारी वाया जाते. वही बघायची तर मंद लाल दिवा वापरावा. मग २० मिलिमीटरची नेत्रिका लावून तेजोमेघाकडे थेट पाहू नये, नजर किंचित बाजूला ठेवावी. डोळ्याच्या नेमक्या मध्यभागी दंडपेशी नसतात, त्यामुळे तिरप्या नजरेला तेजोमेघ एकदम पसरलेला दिसतो आणि त्याचे दोन्ही बाजूंना गेलेले पंख लक्षात येतात. त्यानंतर तेजस्वी गाभ्याकडे थेट पाहावे. तिथे अगदी जवळजवळ असलेले चार बारीक तारे समलंब चौकोनात दिसतील. ४५ पट विशालन त्यांना पुरते. त्यांपैकी सर्वांत तेजस्वी तारा अतिशय तप्त असून मुख्यतः त्याच्याच अतिनील प्रकाशामुळे भोवतालचा वायू प्रकाशतो. राखाडी डाग काय आहे, हे तो तारा दिसला की कळते.

पैसे खर्च करायचेच असतील तर १० बाय ५० ची, म्हणजे १० पट विशालनाची आणि ५० मिलिमीटर भिंगांची, द्विनेत्री घ्यावी. प्राध्यापकांच्या सूत्राने तिची शलाका ५ मिलिमीटरची येते, म्हणजे तेजोमेघाचा पृष्ठभाग तुमच्या ४५ पटीच्या प्रतिमेपेक्षा सुमारे चौदा पट तेजस्वी. कृत्तिका तर दुर्बिणीपेक्षा तिच्यातूनच अधिक शोभून दिसतात. हवेत दव असेल तर भिंग कापडाने पुसू नये, घरी कोरड्या जागी झाकण काढून ठेवावे.

गोदाकाठ :

दोघांचेही मनापासून आभार. ती काळी काच संचात होती, ती काढून टाकली. मुलीचे दोन प्रश्न राहिले आहेत. पृष्ठभाग अधिक तेजस्वी होतच नसेल, तर जगभर एवढ्या मोठ्या दुर्बिणी का बांधतात? आणि तेजोमेघाचा प्रकाश शेकडो वर्षे जुना आहे हे माणसाला कळले कसे?

भिंगआरसा :

पहिला प्रश्न फार चांगला आहे. शलाकेचा व्यास तोच ठेवला तर मोठ्या दुर्बिणीत पृष्ठभाग तितकाच तेजस्वी राहतो, पण प्रतिमा मोठी होते, आणि मंद प्रकाशात मोठी वस्तू डोळ्याला सहज ओळखू येते. विशालन तेच ठेवले तर १५० मिलिमीटरच्या आरशातून तोच तेजोमेघ ६० च्या भिंगापेक्षा सव्वासहा पट तेजस्वी दिसतो. बिंदुरूप ताऱ्यांना तर अशी मर्यादा मुळीच नाही. व्यास वाढेल तसे अधिकाधिक मंद तारे दिसत जातात. वेधशाळांत डोळ्याऐवजी प्रकाशग्राहक चकत्या असतात आणि त्या तासन्‌तास प्रकाश साठवतात, म्हणून तिथे गोळा झालेला प्रत्येक कण उपयोगी पडतो. जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. आपल्या मुलीच्या भिंगाच्या ती हजारपटीहून अधिक प्रकाश गोळा करते.

दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्याच दुर्बिणीने पडताळता येईल, त्याविषयी शेवटी लिहितो. आधी नारायणगावकर लिहितात का ते पाहू, त्यांचा या विषयाचा अभ्यास आहे.

नारायणगावकर :

अंतर मोजल्याशिवाय प्रकाशाचे वय सांगता येत नाही. प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर जातो. चंद्रावरून यायला त्याला १.३ सेकंद, सूर्यावरून ८ मिनिटे २० सेकंद लागतात. जवळच्या ताऱ्यांची अंतरे पृथ्वीच्या कक्षेच्या दोन टोकांवरून त्यांची जागा किती सरकते हे मोजून काढतात. मृगातील तेजोमेघात जन्मलेल्या ताऱ्यांची अंतरेही आता अशीच मोजली गेली असून ते सुमारे १,३५० प्रकाशवर्षे येते. आज डोळ्यात शिरणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा आपल्या भागात बदामीच्या चालुक्यांचे राज्य होते. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश तर सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, आणि हरसूलच्या अंधारात ती नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

प्रकाश वयाबरोबर घटकही सांगतो. १८६४ साली विल्यम हगिन्सने एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पसरवला तेव्हा सलग पट्ट्याऐवजी मोजक्या चमकदार रेषा दिसल्या आणि तो ताऱ्यांचा पुंजका नसून विरळ वायू आहे हे ठरले. त्यातल्या हिरव्या रेषा कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून एका नव्या मूलद्रव्याची कल्पना केली गेली. १९२७ साली आयरा बोवेनने दाखवले की त्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत. पृथ्वीवरच्या दाट हवेत त्या उमटत नाहीत. त्यांतली मुख्य रेषा ५००.७ नॅनोमीटरची, आणि दंडपेशी सर्वांत संवेदनशील असतात त्या जवळपास याच तरंगलांबीला. म्हणून ताईंच्या मुलीला जो राखाडी डाग दिसतो, तो बऱ्याच अंशी ऑक्सिजनचाच प्रकाश आहे. मोठ्या दुर्बिणीतून काहींना त्याच्या गाभ्यात हिरवट छटा जाणवते, तीही त्याचमुळे.

शेवटी एक गोष्ट आमच्या परिसरातली. नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावपासून जवळ खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. तबकडी म्हणजे भरीव आरसा नसून पोलादी तारांची जाळी आहे, तिची छिद्रे एक ते दोन सेंटीमीटरची. ज्या लहरी पकडायच्या त्या २१ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब असल्याने एवढ्या छिद्रांतून त्या निसटत नाहीत, आणि वारा मात्र आरपार जातो. तपशील वेगळा करण्याची क्षमता तरंगलांबी भागिले व्यास या गुणोत्तरावर ठरते. खोडदच्या दुर्बिणीसाठी २१ सेंटीमीटर भागिले २५ किलोमीटर करा, आणि ताईंच्या दुर्बिणीसाठी दृश्य प्रकाशाची तरंगलांबी भागिले ६० मिलिमीटर करा. दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच, सुमारे २ विकला येतात. प्रकाशाची लहर किती बारीक असते आणि रेडिओ लहरींसाठी एवढा विस्तार का लागतो, हे या एका भागाकाराने मुलीला नक्की समजेल. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे सर्वांसाठी प्रदर्शन भरते. त्या वर्षीची सूचना पाहून जावे आणि आवारात मोबाईल बंद ठेवावा, कारण त्याच्या लहरी आकाशातून येणाऱ्या लहरींपेक्षा कितीतरी प्रबळ असतात.

भिंगआरसा :

आता राहिलेले अर्धे उत्तर. १६७६ साली ओल रोमरने गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांच्या वेळा तपासल्या. आयो साडेबेचाळीस तासांत एक फेरी घालतो, म्हणून त्याच्या ग्रहणांचे वेळापत्रक घड्याळासारखे असायला हवे. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना मात्र ती ग्रहणे उशिरा आणि जवळ येत असताना लवकर होताना दिसत होती. प्रकाशाला पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला वेळ लागतो, हाच त्याचा अर्थ. आजच्या मोजमापाने तो वेळ सुमारे १६ मिनिटे ४० सेकंद आहे.

ही ग्रहणे साठच्या दुर्बिणीतून ४५ पटीला दिसतात. गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येण्यापूर्वीच्या महिन्यांत आयो छायेत शिरताना दिसतो आणि त्यानंतरच्या महिन्यांत छायेतून बाहेर येताना दिसतो. दोन्ही एकाच ग्रहणात दिसत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. मोबाईलचे घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर असते, तेवढे पुरे. आयो दिसेनासा झाल्याची किंवा पुन्हा दिसू लागल्याची वेळ वहीत लिहावी, शेजारी हवा कशी होती आणि कोणती नेत्रिका लावली होती तेही लिहावे, आणि हे काम एका हंगामात जमेल तितक्या ग्रहणांसाठी करावे. जवळपासच्या तारखांच्या दोन नोंदींमधल्या वेळेला मधल्या फेऱ्यांच्या संख्येने भागले की एका फेरीचा काळ मिळतो. त्यावरून पुढची वेळ काढायची आणि काही महिन्यांनी प्रत्यक्ष वेळ त्यापासून किती सरकली ते पाहायचे. नोंदी इथे टाकल्यास आकडेमोड मी तिच्याबरोबर बसून तपासून देईन.